पंचक्रोशीतला माणूस परधर्मी कसा ठरला: ‘पागानुस’ या लॅटिन शब्दाचा प्रकरण अभ्यास

प्रकरण काय आहे

सिसिली बेटावरच्या कातानिया शहरात एका तान्ह्या मुलीच्या थडग्यावरचा लॅटिन लेख सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. मुलीचं नाव ज्युलिया फ्लोरेंतिना. काळ चौथ्या शतकाचा पूर्वार्ध. पहाट होण्याआधी ती जन्मली, तेव्हा ती ‘पागाना’ होती, असं लेखात म्हटलं आहे. वय १८ महिने आणि २२ दिवस झालं असताना ती अखेरच्या घटका मोजू लागली. रात्रीच्या आठव्या तासाला तिला ‘फिदेलिस’ केलं, म्हणजे तिचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर ती चार तास जगली आणि हिब्ला गावी वारली. आईबाप रात्रभर रडत राहिले, तेव्हा ‘शोक करू नका’ अशी दैवी वाणी झाल्याचंही लेखात आहे. एका ख्रिस्ती पुरोहिताच्या हातून तिला हुतात्म्यांच्या समाधीच्या दाराशी पुरलं गेलं. शिळा बसवणाऱ्याने स्वतःचं नाव दिलेलं नाही. ‘पारेन्स’, म्हणजे आई किंवा बाप, एवढाच शब्द आहे.

आपल्या लाडक्या लेकीबद्दल, तिच्याच थडग्यावर, या माणसाने ‘पागाना’ हा शब्द कोरून घेतला. त्यात तिरस्कार असणं शक्य नाही. ‘गावंढळ’ असा अर्थ घेतला तर सगळा लेखच निरर्थक होतो. बाप्तिस्म्याच्या आधी ती ज्या अवस्थेत होती त्या अवस्थेचं ते नाव आहे, एवढंच.

पुढे इसवी सन ४३८ मध्ये सम्राट दुसऱ्या थिओडोसियसच्या नावाने कायद्यांची संहिता प्रसिद्ध झाली. तिच्या १६व्या खंडातल्या एका प्रकरणाचं शीर्षक आहे, ‘पागानुस लोक, बळी आणि मंदिरं यांविषयी’. आत दंड, जप्ती आणि मृत्युदंडाची कलमं आहेत. जेमतेम शंभर वर्षांत आईबापाच्या दुःखातला साधा शब्द दंडसंहितेच्या शीर्षकात जाऊन बसला. तो तिथे पोचला कसा, आणि वाटेत कुणी कोणता निर्णय घेतला, हे या अभ्यासात तपासायचं आहे.

पार्श्वभूमी

‘पागुस’ म्हणजे काही वाड्यावस्त्या मिळून होणारा ग्रामीण टापू. आपल्याकडचा ‘पंचक्रोशी’ हा शब्द त्याच्या सर्वांत जवळ जातो. मूळ धातू ‘रोवणं’ या अर्थाचा आहे, म्हणजे हद्दीची खूण रोवून आखलेला मुलूख. पागुसचे स्वतःचे प्रमुख असत, हद्दीभोवती फिरून केलेली शुद्धी असे आणि पेरणीनंतरचा ‘पागानालिया’ नावाचा सण असे. या टापूत राहणारा तो ‘पागानुस’.

पहिल्या शतकापर्यंत या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला होता, तो लष्करी छावणीतला. सैनिक नसलेला कुणीही साधा नागरिक म्हणजे पागानुस. इसवी सन ६९ च्या यादवीत क्रेमोनाजवळ लढाई चालू असताना सेनापती अंतोनियुस प्रिमुस सम्राटाच्या रक्षकदलातल्या, म्हणजे प्रेटोरियन, बडतर्फ सैनिकांना डिवचतो, ते इतिहासकार टॅसिटसने नोंदवलं आहे. जिंकला नाहीत तर तुम्हाला कोणता सम्राट, कोणती छावणी ठेवून घेईल, असं विचारताना तो त्यांना ‘पागानी’ म्हणतो. रोमन कायदेपंडितांनीही सैनिकाची मालमत्ता आणि इतरांची मालमत्ता यांतला फरक सांगताना हाच शब्द वापरला. त्याच शतकात कवी पर्सियुस कवींच्या पवित्र मेळ्यात आपली कविता घेऊन येताना स्वतःला ‘सेमिपागानुस’ म्हणवतो, म्हणजे अर्धा बाहेरचा.

म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या हाती येण्याआधीच हा शब्द गावातून निघून छावणीत आला होता, आणि दोन्हीकडे त्याचा गाभा एकच होता: जो आमच्यातला नाही तो.

अडचण

चौथ्या शतकात लॅटिन बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांपुढे एक खरी अडचण उभी राहिली. कॉन्स्टंटाइननंतर साम्राज्याचे बहुतेक सम्राट ख्रिस्ती होते. आता ख्रिस्ती नसलेल्यांबद्दल सतत बोलावं लागणार होतं: प्रवचनात, पत्रव्यवहारात, न्यायालयात, राजाज्ञेत. पण ज्यांच्याबद्दल बोलायचं त्यांचा एक धर्म नव्हता. कुणी इजिप्शियन देवी इसिसचा उपासक, कुणी मिथ्रा देवाचा दीक्षित, कुणी घरच्या लारेस देवतांना धूप दाखवणारा, कुणी रोमच्या अधिकृत पुरोहित मंडळातला सिनेटर, तर कुणी तत्त्वज्ञ. त्यांना एकत्र बांधणारी गोष्ट एकच होती, ते ख्रिस्ती नव्हते आणि यहुदीही नव्हते.

त्यांनी स्वतःला मिळून असं कोणतंही नाव दिलेलं नव्हतं. इसवी सन ३८४ मध्ये रोमचा नगरप्रमुख सिमाखुस याने सिनेटगृहातली विजयदेवतेची वेदी परत बसवावी म्हणून दरबारात अर्ज केला. सम्राट ग्राटियनने ती ३८२ मध्ये हलवली होती. त्या अर्जात सिमाखुस पूर्वजांच्या रीतींबद्दल बोलतो. आपण सारे तेच तारे पाहतो, आकाश सगळ्यांचं एकच आहे, आणि इतक्या मोठ्या गूढापर्यंत एकाच वाटेने पोचता येत नाही, असं तो लिहितो. मिलानचा बिशप अँब्रोस आडवा आला आणि अर्ज फेटाळला गेला. सिमाखुसच्या दृष्टीने तो जे करत होता तो निव्वळ रोमचा धर्म होता. त्याला वेगळ्या नावाची गरज नव्हती. नावाची गरज समोरच्या पक्षाला होती.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय ग्रीकांनी निवडलेला होता. पूर्वेकडच्या ख्रिस्ती लेखकांनी अशा लोकांना ‘हेलेन’, म्हणजे ग्रीक, म्हणायला सुरुवात केली. ते त्यांच्याच अंगावर आलं. जुन्या देवांना मानणाऱ्या सम्राट ज्युलियनने ३६२ मध्ये ख्रिस्ती शिक्षकांना होमर आणि इतर अभिजात साहित्य शिकवायला मनाई केली. ज्यांचे देव मानत नाही त्यांची पुस्तकं शिकवू नका, असा त्याचा युक्तिवाद होता. नाझियान्झुसच्या ग्रेगरी या ख्रिस्ती धर्मपंडिताला त्यावर तावातावाने लिहावं लागलं की ग्रीक भाषा ही काही एका पंथाची मालमत्ता नाही. पश्चिमेत तर हा पर्याय मुळातच अडला असता. रोमच्या सिनेटरला ‘ग्रीक’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला कळणार काय?

दुसरा पर्याय ‘एथ्निकुस’ हा ग्रीकमधून उसना घेतलेला शब्द. उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तेर्तुलियन याच्या लिखाणात तो आहे, पण तो शिकलेल्यांपुरताच राहिला. त्याच तेर्तुलियनने साधारण १९७ च्या सुमारास ‘नात्सिओनेस’, म्हणजे राष्ट्रं, हा शब्द ग्रंथाच्या नावात वापरला. बोलताना मात्र तो जड जातो आणि एका माणसाला उद्देशून वापरता येत नाही.

तिसरा पर्याय सगळ्यांत भक्कम होता: ‘गेंटिलिस’. बायबलच्या लॅटिन भाषांतरांत ‘गेंटेस’ म्हणजे यहुदी नसलेले लोक, मराठी बायबलमध्ये ज्यांना ‘परराष्ट्रीय’ म्हटलं आहे ते. धर्मग्रंथाचा पाठिंबा असलेला शब्द सोडून लोक दुसरीकडे का वळले? मला दोन कारणं दिसतात. एक, प्रशासनात ‘गेंटिलेस’ म्हणजे सीमेवरच्या टोळ्या आणि त्यांतून भरती केलेली पथकं. राजवाड्याच्या रक्षकांतही या नावाची तुकडी होती. दुसरं कारण जास्त खोल आहे. पश्चिमेतले ख्रिस्ती स्वतःच गेंटेसमधून आलेले होते. रोममधल्या सांता साबिना चर्चमध्ये पाचव्या शतकातल्या मोझेइक चित्रात दोन स्त्रिया उभ्या आहेत. एक ‘सुंतेतून आलेली मंडळी’, म्हणजे यहुद्यांमधून ख्रिस्ती झालेल्यांचा समुदाय, आणि दुसरी ‘गेंटेसमधून आलेली मंडळी’. जो शब्द आपल्याच घराच्या भिंतीवर अभिमानाने लिहिलेला आहे, त्याने शेजाऱ्याला परका ठरवताना जीभ अडखळतेच.

उरला ‘पागानुस’. तो छोटा होता, रोजच्या बोलण्यातला होता, कुठल्याही ग्रंथाचं ओझं नसलेला होता आणि ‘आमच्यातला नाही’ एवढाच अर्थ वाहून नेणारा होता.

पहिला निर्णय: बोलीतली निवड

हा निर्णय कोणत्याही परिषदेने घेतला नाही. तो घरांमध्ये आणि मंडळींमध्ये झाला, आणि कातानियाची शिळा त्याचा पुरावा आहे. ३६० च्या आसपास मारियुस व्हिक्टोरिनुस हा आफ्रिकेतून रोमला आलेला, स्वतः उतारवयात ख्रिस्ती झालेला वक्तृत्वाचा गुरू, ‘ज्यांना पुष्कळजण हेलेन किंवा पागानुस म्हणतात’ असं लिहितो. ‘पुष्कळजण म्हणतात’ या शब्दांवरून कळतं की शब्द लोकांचा आहे आणि लेखक तो जरा अंतर राखून उचलतो आहे.

इथे जुना वाद येतो. एका मतानुसार ख्रिस्ती धर्म शहरांत लवकर पसरला, खेडी मागे राहिली, म्हणून खेडूत या शब्दालाच ‘अख्रिस्ती’ असा अर्थ आला. दुसऱ्या मतानुसार ख्रिस्ती माणूस स्वतःला ‘ख्रिस्ताचा सैनिक’ समजत असे, म्हणून बाकीचे ते ‘पागानी’, बिनलष्करी. विसाव्या शतकात क्रिस्टिन मोरमान आणि पुढे अ‍ॅलन कॅमेरॉन यांनी ‘गटाबाहेरचा’ या अर्थावर भर दिला, तर पिएर शुव्हँ यांनी ‘आपल्या ठिकाणच्या जुन्या रीतींना धरून असलेला’ असा अर्थ सुचवला.

माझं मत स्पष्ट आहे: खेडूत हे कारण सुरुवातीला नव्हतं. चौथ्या शतकातले सर्वांत ठळक अख्रिस्ती लोक सिमाखुस आणि प्रेटेक्स्टातुससारखे रोमचे धनाढ्य सिनेटर होते. प्रेटेक्स्टातुस एकाच वेळी कितीतरी पंथांचा पुरोहित आणि दीक्षित होता. त्याला तोंडावर ‘खेडवळ’ म्हणणं कुणाला सुचलंही नसतं. उलट ख्रिस्ती धर्म खेड्यांत फार आधी शिरला होता. साधारण ११२ साली बिथिनियाचा प्रांताधिकारी प्लिनी सम्राट ट्राजनला कळवतो की ही ‘लागण’ शहरांपुरती राहिलेली नाही, ती गावांत आणि शेताशिवारातही पसरली आहे. सैनिकी रूपकाचाही पुरावा लंगडा पडतो. तेर्तुलियनने २११ च्या सुमारास सैनिक आणि पागानुस ही जोडी वापरली, पण तिथे पागानुस अजून ‘नागरिक’ आहे, आणि ख्रिस्ताच्या दृष्टीने श्रद्धावान नागरिकही सैनिकच, असा त्याचा मुद्दा आहे. चौथ्या शतकातला कोणताही लेखक ‘आम्ही सैनिक, म्हणून ते पागानी’ असं स्पष्टीकरण देत नाही. ‘बाहेरचा’ हा अर्थ मात्र शिळेला लागू पडतो, पर्सियुसच्या ओळीला लागू पडतो आणि छावणीलाही.

दुसरा निर्णय: कायद्याने शब्द उचलणं

१७ फेब्रुवारी ३७० रोजी सम्राट पहिल्या व्हॅलेंटिनियनची एक आज्ञा आफ्रिकेचा प्रांताधिकारी क्लौडियुस याच्याकडे गेली. त्यात ‘पागानुस लोकांची मनं पवित्र धर्माविरुद्ध चेतवली गेली होती त्या काळात’ घेतलेले निर्णय ग्राह्य धरू नयेत, असं आहे. रोख ज्युलियनच्या कारकिर्दीकडे (३६१ ते ३६३) आहे. जतन झालेल्या राजाज्ञांत हा शब्द या अर्थाने इथे पहिल्यांदा दिसतो.

कायद्याच्या भाषेलाही तो लगेच मानवला नाही. ८ नोव्हेंबर ३९२ ची पहिल्या थिओडोसियसची गाजलेली आज्ञा घ्या. तिने बळी, घरातल्या देवतांना दिवा, धूप, हार, एवढंच नव्हे तर झाडाला फिती बांधणं आणि मातीचा ओटा करून पूजा करणंही गुन्हा ठरवलं. जिथे हे घडेल ते घर किंवा ती जमीन जप्त. वडाला सूत गुंडाळणारा समाज पाहिलेल्या मराठी वाचकाला या कलमाची धार वेगळी सांगावी लागत नाही. पण या आज्ञेतल्या श्रद्धेला दिलेलं विशेषण अजून ‘गेंटिलिस’ या शब्दावरूनच घेतलेलं आहे. ४०९ च्या एका आज्ञेत ‘गेंटिलेस, ज्यांना सामान्य लोक पागानी म्हणतात’ अशी शब्दयोजना आहे. लेखनिक अजून खुलासा जोडतो आहे. ४३८ च्या संहितेत तो खुलासा गेला आणि शब्द थेट शीर्षकात आला.

मला हा टप्पा सर्वांत निर्णायक वाटतो. ३९२ ची आज्ञा कितीही कठोर असली तरी ती बहुतांशी कृत्यांची यादी करते: बळी, धूप, फीत, ओटा. शीर्षकातल्या शब्दाने माणसांचा वर्ग तयार केला. कृत्य सोडता येतं. वर्गाचं नाव एकदा चिकटलं की ते सहज सुटत नाही.

तिसरा निर्णय: शब्दाला व्युत्पत्ती देणं

४१० मध्ये गॉथांचा राजा अलारिक याने रोम लुटलं आणि जुने देव सोडल्यामुळेच हे झालं, असा आरोप सुरू झाला. उत्तर म्हणून आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने ‘देवाचं नगर’ हा ग्रंथ लिहायला घेतला. त्याच्या सांगण्यावरून आयबेरियातून आलेल्या ओरोसियुस या तरुण पुरोहिताने ४१७ च्या सुमारास ‘पागानुस लोकांविरुद्ध’ जगाचा इतिहास लिहिला.

दोघांची शब्द हाताळण्याची रीत शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. ऑगस्टीन म्हणतो, अनेक खोट्या देवांचे उपासक, ‘ज्यांना आपण रूढ नावाने पागानी म्हणतो’. रूढ नाव, एवढंच. ओरोसियुस प्रस्तावनेतच पुढे जातो: देवाच्या नगराला परके असलेले हे लोक रानातल्या चौरस्त्यांवरून आणि पागुसांवरून पागानी म्हणवले जातात, किंवा त्यांना ऐहिक गोष्टींचीच चव असल्यामुळे गेंटिलेस.

ग्रंथाच्या चौकटीत हे वाक्य फार चपखल बसतं. एका बाजूला देवाचं नगर, दुसऱ्या बाजूला नगराबाहेरचं रान. पण ते व्युत्पत्तीशास्त्र नाही, वक्तृत्व आहे. शंभर वर्षं लोक ज्या शब्दात खेडं ऐकत नव्हते, त्यात ओरोसियुसने खेडं परत ऐकवलं, आणि त्याबरोबर अडाणीपणाही. दोन शतकांनी सेव्हिलचा इसिडोर तर सांगतो की पागानी हे नाव अथेन्सच्या पागुसांवरून आलं, कारण तिथल्या रानांत त्या लोकांनी देवराया आणि मूर्ती स्थापल्या. एवढा विद्वान माणूस अथेन्सपर्यंत जातो, यावरूनच दिसतं की मूळ कारण तेव्हा कुणालाच आठवत नव्हतं.

परिणाम

ओरोसियुसच्या वाक्याला पुढे वास्तवाचा आधार मिळत गेला, म्हणून ते टिकलं. शहरातली मंदिरं बंद पडल्यावर जुन्या रीती शिवारात उरल्या. १० जुलै ३९९ ची एक आज्ञा शेतांमधली मंदिरं ‘गोंधळ गडबड न करता’ पाडायला सांगते. तूरच्या बिशप मार्टिनने पवित्र पाइन वृक्ष तोडायला घेतला तेव्हा गावकरी आडवे आले, हे त्याच्या चरित्रात आहे. ३९७ मध्ये आल्प्समधल्या अनाउनिया खोऱ्यात शिवारशुद्धीच्या उत्सवाच्या वेळी तीन ख्रिस्ती प्रचारकांना गावकऱ्यांनी ठार मारलं. बिशप व्हिजिलियुसने त्याबद्दल लिहिलेली पत्रं उपलब्ध आहेत.

सहाव्या शतकात ब्रागाचा बिशप मार्टिन ‘खेडुतांच्या सुधारणेसाठी’ प्रवचन लिहितो. खडक, झाडं, झरे आणि चौरस्ते यांपाशी दिवे लावू नका, झऱ्यात भाकर टाकू नका, चुलीतल्या ओंडक्यावर धान्य आणि दारू ओतू नका, विणताना मिनर्व्हाचं नाव घेऊ नका. हे ऐकणारे लोक बाप्तिस्मा झालेले होते, हे विसरता कामा नये. आता खेडूत असणं हेच संशयाचं कारण झालं होतं. फ्लोरेंतिना बाप्तिस्म्याने चार तासांसाठी ‘पागाना’ राहिली नाही; या गावकऱ्यांना मात्र आयुष्यभराचा बाप्तिस्माही पुरला नाही.

भाषांवर उमटलेला ठसा आजही दिसतो. फ्रेंचमध्ये ‘पायें’ म्हणजे अख्रिस्ती आणि ‘पेइझां’ म्हणजे शेतकरी, दोन्ही पागुसचेच वंशज. हंगेरियनमध्ये ‘पोगान्य’, रुमानियनमध्ये ‘पगन’. रशियनमध्ये ‘पोगानी’ हे विशेषण ‘घाणेरडं’ या अर्थापर्यंत घसरलं.

मागे पडलेला ‘गेंटिलिस’ही मेला नाही. पोर्तुगीजमध्ये तो ‘जेंतिउ’ झाला आणि सोळाव्या शतकात गोव्यात उतरला. तिथल्या पोर्तुगीज कागदपत्रांत हिंदूंना हाच शब्द आहे. त्यावरून इंग्रजांनी ‘जेंटू’ केलं, आणि १७७६ मध्ये हालहेडने छापलेल्या हिंदू धर्मशास्त्राच्या इंग्रजी संकलनाच्या नावातही तो आहे. गोव्यातल्या ब्राह्मणाला किंवा गावड्याला स्वतःला काय म्हणवून घ्यायचं आहे, हे इथेही कुणी विचारलं नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या निर्णयाला मी दोष देत नाही. घरातल्या माणसांनी रोजच्या बोलण्यातला सौम्य शब्द घेतला, आणि मंडळीच्या आत तो पुरेसा होता. चूक दुसऱ्या टप्प्यावर झाली. राजाज्ञांना ३९२ प्रमाणे कृत्यांची नावं घेऊन थांबता आलं असतं. माणसांचा वर्ग करणाऱ्या नावाची कायद्याला गरज नव्हती, ‘सामान्य लोक म्हणतात’ हा खुलासा गाळण्याची तर मुळीच नव्हती. तिसऱ्या टप्प्यावर ओरोसियुसलाही ऑगस्टीनची रीत मोकळी होती. ‘रूढ नावाने’ एवढं म्हणून त्याला पुढे जाता आलं असतं, आणि त्याच्या इतिहासाचं काही बिघडलं नसतं.

आपण मराठीत या काळाबद्दल लिहितो तेव्हा दोन ठिकाणी सावध राहायला हवं. ‘पेगन’ हे पागानुसचंच इंग्रजी रूप; ‘पेगन म्हणजे मुळात खेडूत, कारण खेडी मागास होती’ हे वाक्य पुष्कळ पुस्तकांत सापडतं. ते ओरोसियुसचं आहे, चौथ्या शतकातल्या बोलीचं नव्हे. आणि सरसकट ‘मूर्तिपूजक’ लिहिलं की सिमाखुसचं म्हणणं हरवतं, कारण त्याचा वाद पूर्वजांच्या रीती पाळण्याच्या हक्कावर होता. जिथे माहीत आहे तिथे उपासनेचं नाव घ्यावं: मिथ्राचा दीक्षित, इसिसची उपासिका, विजयदेवतेच्या वेदीसाठी अर्ज करणारा सिनेटर, झऱ्यात भाकर सोडणारी बाई. शब्द थोडे जास्त लागतील, आणि ते खर्च करायला हवेत.